फितुरी आणि पियानो

व्हिएन्ना, १९१५. रात्र, पाऊस, ओला रस्ता. बाईचा चेहरा दिसण्याआधी तिचे पाय दिसतात; ती रस्त्याकडेला उभी राहून पायातला मोजा वर ओढतेय. समोरच्या इमारतीपाशी गर्दी जमलीय. तिथल्या कुणा बाईने गॅस सोडून जीव दिलाय आणि तिचं प्रेत बाहेर काढतायत. या गल्लीतल्या बायकांचं शेवटी असंच व्हायचं, अशा अर्थाचं काहीतरी कुणी बोलतं. त्यावर ही म्हणते, मला जगायची भीती वाटत नाही. मरायचीही वाटत नाही म्हणा. गर्दीतल्या एका म्हाताऱ्याच्या कानावर ते पडतं. म्हातारा असतो ऑस्ट्रियाच्या गुप्तहेर खात्याचा प्रमुख. आपल्याला हवं असलेलं माणूस सापडलं, हे त्याला तिथल्या तिथे कळतं.

सिनेमाचं नाव ‘डिसऑनर्ड’. साल १९३१, दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्ग, नायिका मार्लीन डीट्रिश, कंपनी पॅरामाउंट. त्याच वर्षी १४ मार्चला गिरगावात मॅजेस्टिकला ‘आलम आरा’ लागला होता, म्हणजे आपला सिनेमा बोलायला नुकती सुरुवात करत होता. अमेरिकेतला बोलायला लागून तरी साडेतीनच वर्षं झाली होती. त्या काळातले बरेच बोलपट आज बघवत नाहीत. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जाऊ नये म्हणून त्याला बंद खोक्यात कोंडायचे, नटांनी माइकच्या आसपासच राहायचं, आणि पैसे मोजून आवाज आणलाय तर तो वाया जायला नको म्हणून सगळे अखंड बडबडत असायचे. स्टर्नबर्गने इथे वेगळाच मार्ग काढला. त्याची माणसं एक वाक्य बोलतात आणि थांबतात. मग समोरचा बोलतो, तोही सावकाश. पहिली दहा मिनिटं तर मला आपलं नेटच अडकतंय असं वाटत होतं.

मी या सिनेमाकडे आले ती एका धूनेच्या मागे. आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर एक काका होते, बँकेत कामाला. रविवारी दुपारी जेवण झालं की ते माउथ ऑर्गन काढायचे. त्यांच्याकडे मोजून चार-पाच गाणी, आणि त्यात एक बिनशब्दांची धून, ‘बरसात’मधली. राज कपूर व्हायोलिन वाजवतो आणि नर्गिस धावत येते, तीच. १९४९च्या त्या सिनेमातल्या त्या दृश्यावरून पुढे आर. के.चं बोधचिन्ह झालं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. धून मात्र त्यांची नव्हे, ती योसिफ इवानोविची नावाच्या रुमानियन लष्करी बँडमास्तरची, १८८० सालची. ‘डॅन्यूबच्या लाटा’ नावाचा वॉल्ट्झ, म्हणजे तिकडची जोडीने नाचायची चाल. हे मला बरंच नंतर कळलं, आणि मग ती धून आणखी कुठे कुठे जाऊन आलीय ते शोधत बसले. त्यात हा सिनेमा हाती लागला. यातली हेर बाई पियानोवर तीच धून वाजवते. मनाला लागेल तेव्हा, आणि मरायच्या आधी.

या धूनेचंही एक मूळगाव नाही, बरं का. इवानोविचीचा जन्म तिमिशोआराचा, म्हणजे तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातला. नोकरी रुमानियाच्या सैन्यात. १९१६च्या ऑगस्टमध्ये रुमानिया ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धात उतरला. म्हणजे सिनेमातली ही ऑस्ट्रियन बाई ज्या सुरांवर जीव टाकते ते सूर वर्षभरात शत्रूच्या बँडचे होणार होते. स्टर्नबर्गला हे डोक्यात ठेवून करायचं होतं की नुसता ‘व्हिएन्ना म्हणजे वॉल्ट्झ’ असा हिशेब होता, कोण जाणे. पण जमून गेलंय.

तर म्हातारा तिच्या खोलीवर जातो. खोलीत पियानो आहे, काळी मांजर आहे. नवरा ऑस्ट्रियन सैन्यात कॅप्टन होता, लढाईत गेला. त्यानंतर ही रस्त्यावर आली. म्हातारा आपली ओळख लपवून तिला गळ घालतो: ऑस्ट्रियाविरुद्ध हेरगिरी कर, पैसे देतो. ती गोड बोलते, वाइन घेऊन येते म्हणून बाहेर जाते आणि पोलिसाला घेऊन परत येते. परीक्षेत पास. दुसऱ्या दिवशी तिला कचेरीत बोलावणं, आणि मारी कोल्वरर या नावाच्या जागी एक नंबर: एक्स-२७.

हा प्रसंग मला फार आवडतो तो त्यातल्या हिशेबामुळे. ज्या देशाने हिला विधवा केलं आणि मग पोटासाठी फुटपाथवर उभी राहू दिली, त्याच देशाशी ही इमान राखते, आणि तेही फुकट. समोर पैसे दिसत असताना पोलिसाला बोलावते. खातं मात्र तिला कामावर घेतं ते या इमानासाठी नाही. इमानाची खात्री झाल्यावर त्यांना हवं असतं ते तिचं दुसरं कौशल्य: पुरुषाला जवळ करायचं आणि आपण मात्र लांब राहायचं. रात्रीच्या रस्त्यावर ज्याला लोक नाकं मुरडत होते तेच आता सरकारी काम होतं. सिनेमाच्या सुरुवातीला पाटी येते: ऑस्ट्रियाच्या कोसळत्या साम्राज्याच्या धुळीतून चमत्कारिक माणसं वर आली, त्यातली एक्स-२७ ही इतिहासातली सर्वांत थोर हेर ठरली असती, ती बाई नसती तर. पाटी स्टर्नबर्गने भोळेपणाने लावली असेल असं मला वाटत नाही. पुढचा दीड तास सिनेमा त्या पाटीला खोटं पाडत बसतो. खात्यातल्या कुठल्याही पुरुषाला न जमलेलं काम ही बाई करून दाखवते, आणि ते बाई असल्यामुळेच जमतं.

आपल्याकडे हेर म्हटलं की बहिर्जी नाईक आणि फितूर म्हटलं की सूर्याजी पिसाळ. रायगड पडला तेव्हा नेमकं काय घडलं ते इतिहासाचे अभ्यासक बघून घेतील, बोलण्यात मात्र ही दोन खाती पक्की आहेत आणि मधे तिसरं नाही. शाळेत आम्ही असंच शिकलो. एक्स-२७ पहिल्या तासाभरात सरळ बहिर्जींच्या खात्यात जमा आहे. मग एका संध्याकाळी, दहा मिनिटांत, दुसऱ्या खात्यात जाते. आणि बघणाऱ्याला ती तीच बाई वाटत राहते. तिच्यात काही बदललंय असं वाटतच नाही. मला या सिनेमाबद्दल लिहावंसं वाटलं ते यासाठी.

तिचं पहिलं काम म्हणजे कर्नल फॉन हिंडाऊ. स्वतःच्याच सैन्यातला बडा अधिकारी, रशियनांना माहिती पुरवत असल्याचा संशय. मुखवट्यांच्या नाचाच्या रात्री ती त्याला गाठते. कागदी फिती उडतायत, सगळे सोंगं घेऊन आलेत, आणि एक विदूषक कुबड्या घेऊन फिरतोय. तो हिंडाऊला एक सिगारेट देतो. त्या सिगारेटमध्ये चिठ्ठी आहे. हिंडाऊच्या घरी गेल्यावर ती चिठ्ठी हिच्या हाती लागते आणि खेळ संपतो. पण आरडाओरडा नाही, झटापट नाही. हिंडाऊ म्हणतो, किती छान संध्याकाळ गेली असती, तुम्ही हेर नसता आणि मी फितूर नसतो तर. ती म्हणते, तसं असतं तर आपली भेटच झाली नसती. मग तो उठून जातो आणि स्वतःला गोळी घालून घेतो.

वॉर्नर ओलँडने हिंडाऊचं काम किती हलक्या हाताने केलंय! हा मूळचा स्वीडनचा. हॉलिवूडने त्याला आयुष्यभर चिनी माणूस करून ठेवलं, कधी दुष्ट डॉक्टर, कधी हुशार डिटेक्टिव्ह. इथे त्याच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटं आलीत आणि फितूर माणूस सभ्यही असू शकतो हे त्याने तेवढ्यात पटवून दिलंय.

व्हिएन्नातल्या माणसाला हिंडाऊ बघून दुसरा एक कर्नल आठवल्याशिवाय राहणार नाही. आल्फ्रेड रेडल. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करात शत्रूचे हेर पकडायचं खातं यानेच नावारूपाला आणलं, आणि हाच कित्येक वर्षं लष्कराच्या योजना रशियाला विकत होता. १९१३च्या मे महिन्यात व्हिएन्नाच्या पोस्टात येऊन पडलेल्या पैशांच्या पाकिटांवरून तो सापडला. हॉटेल क्लोम्झरमध्ये त्याच्याच खात्याचे अधिकारी त्याला भेटून गेले, पिस्तूल ठेवून. २५ मेला पहाटे त्याने स्वतःला संपवलं. प्रकरण दाबायचा बेत होता, पण प्रागच्या एगॉन एर्विन किश या पत्रकाराने ते बाहेर काढलं. किश सांगायचा की त्याच्या फुटबॉल संघातला एक गडी, धंद्याने कुलूपवाला, सामन्याला आला नाही. का, तर त्याला एका अधिकाऱ्याचं घर फोडायला नेलं होतं, आणि त्यावरून आपल्याला पत्ता लागला. किश गोष्टीवेल्हाळ माणूस होता, तेव्हा यात मीठमसाला किती ते ज्याने त्याने ठरवावं. पण वर्षभराने महायुद्ध सुरू झालं तेव्हा ऑस्ट्रियाच्या कितीतरी गोष्टी रशियाला आधीच ठाऊक होत्या, हे खरंच आहे. आणि १९१५च्या मार्चमध्ये ऑस्ट्रियाचा प्शेमिश्लचा किल्ला रशियनांच्या हाती पडला तेव्हा लाखाच्या वर सैनिक कैद झाले. सिनेमात हा इतिहास कुणी बोलून दाखवत नाही. नुसतं ‘व्हिएन्ना, १९१५’ लिहिलं की तिकडच्या प्रेक्षकाला त्या वर्षाची धास्ती कळत असणार.

एक्स-२७ मग रशियन बाजूला जाते, मोलकरणीच्या वेषात. डीट्रिशचे ते गाजलेले गाल, भुवया, सगळं पुसून टाकलंय. घागऱ्यांच्या थरांत गुंडाळलेली एक फुगीर, भोळसट खेडवळ पोरगी. ओळखू येत नाही. हा भाग जरा फार्ससारखा झालाय आणि लांबलाय. पण याच भागात सिनेमातली सगळ्यात भारी कल्पना आहे.

रशियन हल्ल्याची माहिती तिच्या हाती लागते आणि ती ती पाश्चात्य संगीताच्या कागदावर सुरांच्या खुणांमध्ये उतरवून ठेवते. कुणी झडती घेतली तर काय, एका पियानो वाजवणाऱ्या बाईचे कागद. पण तिचा माग काढत आलेला रशियन हेर क्रॅनाऊ, तोच तो नाचातला विदूषक, तिला पकडतो. पकडतो ते तिच्या मांजरीमुळे, कारण ही बाई शत्रूच्या छावणीतही मांजर घेऊन आलीय! (खात्याने एवढ्यावरूनच तिला घरी बसवायला हवं होतं.) क्रॅनाऊ ते कागद घेतो आणि पियानोवर वाजवून बघतो. जे ऐकू येतं ते गाणं नव्हेच. सूर कुठूनही कुठे उड्या मारतायत, ठेचकाळतायत. त्याच्या लक्षात येतं आणि तो कागद जाळून टाकतो. पण हिने ते पाठ केलेलं असतं. त्याच्या पेयात गुंगीचं औषध घालून ती निसटते, आपल्या लोकांत परत येते आणि पियानोपाशी बसून सगळं पुन्हा वाजवते. अधिकारी त्यातून हल्ल्याचा बेत लिहून काढतात.

मूकपटात हे होणं शक्यच नव्हतं. तिथे पाटी लावून सांगावं लागलं असतं की या सुरांत गुपित आहे. इथे आपण स्वतः ऐकतो आणि कानाला खटकतं. गंमत बघा, खरं संगीत आणि खोटं संगीत ही दोन्ही त्याच बाईच्या बोटांतून येतात, त्याच वाद्यावर. इवानोविचीचा वॉल्ट्झ ती स्वतःसाठी वाजवते, हे दुसरं देशासाठी. डीट्रिशचं तरुणपणी व्हायोलिनवादक व्हायचं स्वप्न होतं, वायमारला जाऊन ती शिकलीही होती. हाताच्या दुखण्याने ते सुटलं. पियानोपाशी बसलेली तिची पाठ बघताना ते जाणवतं. वाजवायचा आव आणणाऱ्या नटीची पाठ अशी नसते.

आता क्रॅनाऊबद्दल. या भूमिकेसाठी आधी देखण्या गॅरी कूपरचं नाव होतं, पण आदल्या वर्षी स्टर्नबर्गबरोबर काम करून तो इतका वैतागला होता की पुन्हा नको म्हणाला, असं सांगतात. मग आला व्हिक्टर मॅक्लॅग्लन, इंग्लंडचा आडदांड गडी. आधी मुष्टियोद्धा होता, १९०९ साली जगज्जेत्या जॅक जॉन्सनशीही लढला होता. पहिल्या महायुद्धात तो मेसोपोटेमियात होता, आणि बगदादमध्ये लष्करी पोलिसांचा अधिकारी होता. म्हणजे या सगळ्या नटमंडळींत खरी लढाई जवळून बघितलेला हा. पण पडद्यावर तो सारखा दात दाखवत हसतो. काहीही झालं तरी हसतो. समीक्षकांनी तेव्हापासून म्हणून ठेवलंय की डीट्रिशसारखी बाई या माणसासाठी जीव देईल हे पटतच नाही, आणि सिनेमा तिथे लंगडतो.

मला उलट वाटतं. पटत नाही हेच बरं आहे. समोर कूपर असता तर आपण ‘हो, प्रेमात पडली, देशाला विसरली’ म्हणून मोकळे झालो असतो. मॅक्लॅग्लनमुळे ती सोय राहत नाही. रशियन कैदी पकडून आणलेत, त्यांत क्रॅनाऊ आहे. ती म्हणते, याची चौकशी मी एकटी करते. खोलीत दोघंच. तिचं पिस्तूल पडतं, किंवा ती पाडते, आणि तो ते उचलून पळून जातो. का केलं हिने असं? सिनेमा सरळ उत्तर देत नाही. मला दिसतं ते एवढंच की त्या सगळ्या गणवेशवाल्यांमध्ये हा एकटाच तिचं काम ओळखणारा होता. खात्याच्या प्रमुखाला ती उपयोगी बाई होती, हिंडाऊला सुंदर बाई. क्रॅनाऊला ती आपल्याच धंद्यातली, आपल्यापेक्षा कांकणभर सरस. त्याने तिला पकडलं, तिने त्याला गुंगवलं, डावाला डाव झाला. असा माणूस सकाळी भिंतीशी उभा करून मारला जाणार, आणि आपण तो मारायला दिलेला. तिला ते नको झालं असावं. याला प्रेम म्हणायचं तर म्हणा. मी तरी त्याला व्यवसायातलं इमान म्हणेन, आणि ते देशाच्या सीमा पाळत नाही.

लष्करी न्यायालयात फार वेळ लागत नाही. मृत्युदंड. कोठडीत तिला शेवटची इच्छा विचारतात. ती एक पियानो मागते. आणि मरताना घालायला कपडे. कुठले, तर देशाऐवजी देशबांधवांची सेवा करताना जे घालत होते त्यांतले कुठलेही चालतील, म्हणते. एवढं एक वाक्य. आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही. सिनेमाभर जे चाललं होतं त्याचा सगळा हिशेब तिने एका ओळीत करून त्यांच्या हातावर ठेवला. रस्त्यावर होते तेव्हा शरीर विकत होते, ते माझं माझं होतं. तुमच्याकडे आले आणि तेच काम केलं, त्याचं नाव देशसेवा. पैसे न घेता एका माणसाला एकदा सोडला, त्याचं नाव फितुरी.

शेवटची चार-पाच मिनिटं मी कितीतरी वेळा बघितलीत. पहाट आहे, बाहेर बर्फ पडलाय. तिला न्यायला एक तरुण लेफ्टनंट आलाय, मिसरूड फुटलेला, देखणा. निघण्याआधी तिला चेहऱ्यावरची जाळी नीट करायचीय आणि आरसा नाही. पोरगा आपली तलवार म्यानातून काढून आडवी धरतो आणि ती त्या पात्यात बघून जाळी सारखी करते. पात्याला चेहरा कितीसा दिसणार, एक पट्टी. त्या पट्टीत ती शांतपणे बघतेय आणि पोराला तिच्याकडे बघवत नाहीये. बाहेर भिंतीशी तिला उभी करतात. तो डोळ्यांवर बांधायची पट्टी पुढे करतो. रडतोय. ती पट्टी घेते आणि तिने त्याचेच डोळे पुसते.

मग हुकूम द्यायची वेळ येते आणि लेफ्टनंट फुटतो. मी बाईला मारणार नाही, पुरुषांनाही यापुढे मारणार नाही, हे युद्ध म्हणता तुम्ही, हा खाटीकखाना आहे, असं ओरडत सुटतो. सिनेमाभर सगळे इतकं हळू आणि मोजकं बोललेत की हा आवाज अंगावर येतो. आणि आता खरी गंमत. त्याला ओढून नेतायत, दुसरा अधिकारी शोधतायत, शिपाई बंदुका खाली घेऊन उभे. मधे जो वेळ मिळाला त्यात ती काय करते? ओठांना लिपस्टिक लावते. पायातला मोजा सारखा करते. पोरगा तिच्यासाठी जीव तोडून भाषण करतोय आणि तिला त्याचा उपयोग एवढाच. दुसरा येतो, हुकूम देतो, गोळ्या सुटतात, ती पडते.

एखाद्या दिग्दर्शकाने त्या पोराच्या भाषणावर सिनेमा संपवला असता आणि टाळ्या घेतल्या असत्या. स्टर्नबर्गला भाषणावर विश्वास नाही. त्याला सिनेमाचं नावही पसंत नव्हतं. कंपनीने परस्पर ठेवलं. बाईची बेअब्रू झालेली नाही, तिला गोळ्या घातल्यात, असं त्याचं म्हणणं होतं. माझंही तेच. याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या कंपनीने ग्रेटा गार्बोला घेऊन माता हारीवर सिनेमा काढला. १५ ऑक्टोबर १९१७ला पॅरिसजवळच्या व्हँसेनमध्ये फ्रेंचांनी हेर म्हणून गोळ्या घातलेली ती खरीखुरी बाई. तो सिनेमा जास्त चालला, आणि त्यात सगळं कसं प्रेमासाठी होतं. माझ्यापुरता कौल ‘डिसऑनर्ड’ला. १९६३ साली फ्रेंच दिग्दर्शक गोदारने अमेरिकन बोलपटांतले आपले सर्वोत्तम दहा निवडले तेव्हा त्यात याचं नाव होतं, तेव्हा मी अगदी एकटी नाही.

सिनेमा इतका शांत का राहू शकतो, फितुरीवर कुणी दातओठ खात का नाही, याचं उत्तर मला श्रेयनामावलीत सापडलं. एकेकाची गोष्ट बघा. स्टर्नबर्ग १८९४ला व्हिएन्नात जन्मला, गरीब ज्यू घरात, आणि पोरवयात अमेरिकेत आला. नावातलं ते खानदानी ‘फॉन’ मागाहून चिकटलेलं. महायुद्धात अमेरिकेच्या लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये तो सैनिकांसाठी प्रशिक्षणपट करत होता; १९१७च्या डिसेंबरपासून अमेरिकेचं ऑस्ट्रियाशीही युद्ध होतं. म्हणजे ज्या शहरावर हा सिनेमा आहे त्या शहराच्या शत्रूचा गणवेश दिग्दर्शकाने स्वतः घातला होता. हेर खात्याचा प्रमुख झालेला गुस्टाव्ह फॉन सेफर्टिट्झ बव्हेरियाचा. त्या युद्धात अमेरिकेत जर्मन नावाची एवढी चीड होती की त्याने आपलं नाव बदलून इंग्रजी वळणाचं एक नाव घेतलं आणि युद्ध सरल्यावर परत मूळ नावावर आला. दुसऱ्याला नंबर देणारा हा नट स्वतः टोपणनावाने जगून आलेला. आणि डीट्रिश. बर्लिनची, पोलीस अधिकाऱ्याची मुलगी. वडील लहानपणीच गेले, आईने दुसरं लग्न केलं ते एका लष्करी अधिकाऱ्याशी, आणि हे सावत्र वडील १९१६ साली रशियन आघाडीवर जखमी होऊन मेले. पंधरा वर्षांनी ही मुलगी कॅमेऱ्यासमोर एका रशियन अधिकाऱ्याला हातातून निसटू देते. सेटवर तिच्या मनात काय चाललं असेल याचा मी पुष्कळदा विचार केलाय. तिने त्याबद्दल काही बोलल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

ही सगळी माणसं एका देशात जन्मून दुसऱ्या देशात पोट भरत होती, आणि मधल्या काळात ते दोन देश एकमेकांच्या नरडीला लागून सुटले होते. ‘तू कुणाचा?’ हा प्रश्न त्यांना रस्त्यात, दुकानात, कामावर विचारला गेलेला होता. मग ते एका बाईला फितूर ठरवून तिच्यावर थुंकतील कसे?

पुढचं डीट्रिशच्या खऱ्या आयुष्यातलं. नाझींनी जर्मनीत परत ये म्हणून तिला गळ घातली, ती गेली नाही. १९३९ साली अमेरिकन नागरिक झाली. युद्धात अमेरिकन सैनिकांसाठी गात आघाडीवर फिरली, अगदी पुढच्या ठाण्यांपर्यंत. आणि गंमत अशी की अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यासाठी तिने गाणी रेकॉर्ड केली, जर्मनमधून, जर्मन सैनिकांना ऐकवायला; घरच्या आठवणीने त्यांचं मन खचावं म्हणून. सुरांमधून शत्रूच्या गोटात काम करायचं, हे तिने पडद्यावर एकदा केलेलंच होतं. फरक एवढा की या वेळी शत्रू म्हणजे तिच्या शाळेतली, तिच्या गल्लीतली पोरं होती. आई सबंध युद्धभर बर्लिनमध्ये होती. १९४५मध्ये दोघींची भेट झाली आणि त्याच वर्षी आई वारली. १९४७मध्ये अमेरिकेने तिला पदक दिलं. १९६० साली ती गाण्याचे कार्यक्रम घेऊन जर्मनीत गेली तेव्हा बाहेर ‘मार्लीन, चालती हो’च्या पाट्या होत्या, आणि आत सभागृहात लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बर्लिनने तिला मानद नागरिक केलं २००२मध्ये. ती जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

तिला एक थोरली बहीण होती. युद्धात ही बहीण आणि तिचा नवरा बेर्गन-बेल्सेनला, छळछावणीच्या शेजारी, जर्मन सैनिकांसाठी सिनेमागृह चालवत होते. १९४५च्या वसंतात इंग्रजांनी ती छावणी सोडवली तेव्हा आतली प्रेतं जगाने बघितली. डीट्रिश अमेरिकन लष्कराच्या गणवेशात बेल्सेनला जाऊन बहिणीला भेटली, तिच्यासाठी तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे शब्द टाकला. त्यानंतर मुलाखतींत, आत्मचरित्रात, सगळीकडे ती आपण एकुलती एक असल्याचं सांगत राहिली. बहिणीला पैसे मात्र पाठवत होती.